बिराप्पा हाजिर हाय का

पट्टेवाल्यानं पहिल्यांदा पुकारा केला तेव्हा त्यानंही इतरांसारखीच मान वर करून इकडंतिकडं पाहिलं. कचेरीच्या व्हरांड्यातून कुणी उठलं नाही. "बिराप्पा सिद्दू हाजिर हाय का," पट्टेवाला पुन्हा ओरडला, आणि तिसऱ्यांदा ओरडताना त्याला नावाच्या मधेच जांभई आली. शेजारी कुंडलचा एक म्हातारा उकिडवा बसला होता. बांधाच्या कज्ज्यापायी तो सकाळपासून आलेला होता. तो म्हणाला, "गेला वाटतं गडी कटाळून. नंबर लागस्तवर मानूस टिकाय नगं व्हय?" "टिकाय नगं तर," असं म्हणून यानंही मान हलवली. पट्टेवाला आत गेला. दुसरं नाव पुकारलं गेलं, एक पागोटेवाला धोतर झटकत उठला, आणि मग, भट्टीत कोळसा टाकल्यावर बऱ्याच वेळानं वाफेचा काटा हलावा तसं त्याच्या आत काहीतरी हललं. बिराप्पा सिद्दू म्हणजे तो स्वतःच होता.

तो तसाच बसून राहिला. उठायला पाहिजे हे त्याला कळत होतं, पण आता उठलं तर शेजारच्या म्हाताऱ्याला काय सांगायचं, हा प्रश्न आधी आला. सकाळी म्हाताऱ्यानं नाव विचारलं तेव्हा त्यानं बाळासो म्हणून सांगितलं होतं. मांडीवरची पत्र्याची नळी त्यानं दोन्ही हातांनी धरली. शेवटी तो दारापाशी गेला आणि पट्टेवाल्याला म्हणाला, "म्याच बिराप्पा."

"मग मगाशी काय झोपला हुतास?"

"न्हाई. ऐकू आलं हुतं."

"ऐकू आलं आनि उठला न्हाईस? का भटजी बोलवून मुहूर्त काढायचा हुता?"

आतल्या टेबलाशी कारकून अनंतराव बसले होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "आता जेवणानंतर. आणि साक्षीदार आल्याशिवाय येऊ नका. नुसतं तुम्ही म्हणून चालत नाही. आमच्याकडं तुम्ही मयत आहात." त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. आज नळाला पाणी नाही, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. तो परत जागेवर येऊन बसला. कुंडलच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "बाळासो म्हनालासा न्हवं?" "त्ये बी हाय," तो म्हणाला. म्हाताऱ्यानं चंची काढली, सुपारी कातरली, अर्धी त्याच्यापुढं धरली. "एका नावानं फिरून फिरून टाचा झिजल्या माज्या. तुमी दोन घिऊन आलाय, बसा मग."

सांगलीत ही मोठी कचेरी होऊन फार दिवस झाले नव्हते. संस्थानं मोडली, सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, आणि त्याच्या गावचे कागद आधी साताऱ्याला आणि तिथून गठ्ठे बांधून इकडं आले. तो त्यांच्या मागून फिरत राहिला. साताऱ्याला गेला तर म्हणाले, तुमचा गठ्ठा कालच सांगलीला गेला. सांगलीत आला तर म्हणाले, गठ्ठा आलाय पण सुटलेला नाही. मेंढरं पुढं जातात आणि मागून माणूस जातो, तसा तो आपल्या नावामागून चालला होता, एवढंच की हा कळप त्याला ओळखत नव्हता. जहाजावरच्या माणसाच्या नोकरीचा कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायची रीत आहे, म्हणून त्या कागदालाच सगळे नळी म्हणतात. कोण कुठल्या जहाजावर होता, काय काम केलं, वागणूक कशी होती, सगळं त्यावर असतं, खाली कप्तानाची सही. त्याची पहिली नळी जहाजाबरोबर बुडाली. मांडीवर होती ती दुसरी, बुडाल्यानंतरच्या नोकरीची. लढाई संपल्यावर जहाजं कमी झाली आणि माणसं जास्त. ज्याची जुनी नोकरी कागदावर पक्की, त्यालाच पुन्हा घ्यायचं असं ठरलं. तो मुंबईला गेला तेव्हा खिडकीतल्या माणसानं जाडं पुस्तक उघडून बोट ठेवलं. बिराप्पा सिद्दू, आगवाला, जहाजाबरोबर मयत. मग ह्या दुसऱ्या नळीतला बिराप्पा कोण? मेलेल्या माणसाची नळी घेऊन त्याच्या नावावर जहाजावर जाणारे निघत असत, तेव्हा खिडकीतल्या माणसाचा संशय अगदीच वावगा नव्हता. आपल्या जिल्ह्यातून दाखला आणा, तो म्हणाला, की तोच तुम्ही आणि जिवंत आहात. मग पहिली नोकरी आणि दुसरी नोकरी एका कागदावर येईल. नाहीतर दोन्ही गेल्या.

दोन्ही गेल्या म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी नीट कळलं नव्हतं. गिरणीत बॉयलरपुढं उभा असताना पुढं ते हळूहळू कळत गेलं. सांगलीच्या तेलाच्या गिरणीत तो आता आग सांभाळत होता. आग तीच, फावडं तेच, फक्त पायाखालची जमीन हलत नव्हती, आणि ती हलत नाही ह्याचीच कधीकधी भीती वाटायची. गावातली माणसं विचारत, समुद्र कसा असतो रं? त्याला सांगता यायचं नाही. समुद्र त्यानं फारसा पाहिलाच नव्हता. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, भट्टीच्या तोंडाशी त्याची सगळी नोकरी गेली. लोखंडाच्या पलीकडं पाणी सरकताना ऐकू यायचं. कोळसा, राख, तोंडात मिठाची चव, आणि वरून सारंगाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, हाक. तिथं सगळे त्याला बिराप्पा म्हणत. सारंग रत्नागिरीकडचा होता, तो 'बिरापा' म्हणायचा, पण तेही चालायचं. गावाबाहेर पडलेल्या माणसाला स्वतःचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला किती बरं वाटतं, हे तिथंच त्याला समजलं. आता तर ते नाव त्या कागदाखेरीज कुठंच उरलं नव्हतं. त्याला जहाज हवं होतं ते त्यासाठीच. दुसरं काही कारण त्यानं स्वतःला सांगून पाहिलं होतं, ते टिकलं नाही.

जहाजावर तो गेला साताऱ्याहून. लढाई सुरू झाल्यावर पल्टनीत भरती होण्यासाठी तो पायी साताऱ्याला गेला होता. छाती भरली, उंची भरली, पण डॉक्टरनं पायांकडं बघून मान हलवली. लहानपणापासून मेंढरांमागं फिरून त्याचे पाय पसरट झालेले होते. बुटात बसणारे नव्हते. त्याच दिवशी कोरेगावचा दादासो परत पाठवला गेला, एका डोळ्यात सारा, म्हणजे पांढरा पडदा, होता म्हणून. दोघं भरतीच्या मैदानाबाहेर चिंचेखाली बसले. दादासो म्हणाला, "गड्या, तुजं पाय सरकारला चालंनात, माजा डोळा. आपल्या दोघांचा मिळून एक शिपाई हुतोय, पर तसा घ्यायचा कायदा न्हाई." मग त्यानंच सांगितलं, मुंबईला जहाजावर कोळसा मारायला माणसं घेतात, तिथं बूट लागत नाही आणि अंधारात डोळाही लागत नाही. दादासो हे असं बोलायचा. भट्टीपुढंही बोलायचा. पाणसुरुंग लागला तेव्हा दादासो खाली होता आणि तो नुकताच वर वाऱ्याला आला होता. ह्यात कुणाचा काही दोष नव्हता. पाळी तशी होती. लोखंड फाटल्याचा आवाज त्याला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पाण्यात पडल्यावर पहिल्यांदा त्याला समुद्र दिसला, सगळीकडं, आणि तो त्याला पार अनोळखी वाटला.

दुसऱ्या जहाजानं उचललं आणि आफ्रिकेतल्या बंदरात उतरवलं. तिथं दवाखान्यात तो बरेच दिवस पडून होता. शेजारच्या खाटेवर एक चाटगावचा भंडारी होता, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. त्याला लिहिता येत होतं. तो रोज विचारायचा, घरी कार्ड टाकू का? हा रोज म्हणायचा, उद्या बघू. भंडाऱ्याला वाटायचं ह्याला घरी कुणी नसावं. घरी आई होती, सुलाबाई, आणि बायको होती, बनाबाई. पण त्यांच्या वस्तीवर कार्ड येत नसे. कुणी आजारी पडलं, पोर झालं, मेंढरं विकली, सगळी खबर तोंडानं जायची, वाटेवरच्या माणसाकडून पुढच्या माणसाकडं. कार्ड यायचं ते एकाच कारणासाठी, आणि त्याचा कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमन ओढ्याच्या पलीकडं दिसला की बायका हातातलं काम टाकून गळ्यात पडून रडायला लागायच्या. वाचून दाखवणारा माणूस दुसऱ्या गावाहून आणावा लागे, आणि तो येईपर्यंत निम्मं सुतक उलटून गेलेलं असे. खुशालीचं कार्ड टाकलं तर आई आधी छाती पिटून घेईल, वाचणारा येईपर्यंत तिचा जीव राहील की जाईल, ह्याचाच त्यानं खाटेवर पडून विचार केला. त्यापेक्षा आपणच जाऊ, त्यानं ठरवलं. मग जायला मिळालं नाही. पायावर उभा राहिल्याबरोबर दुसऱ्या जहाजावर चढवलं. त्या गडबडीत कुणी कुणाला फार विचारत नव्हतं. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी लिहिणारा भेटायचा, आणि प्रत्येक वेळी तो म्हणायचा, आता जायचंच हाय की.

कार्ड गेलंच. त्याचं नाही, कंपनीचं. जहाज बुडालं, माणूस सापडला नाही, मयत समजावा. त्याचा कोपरा फाडलेला होता की नाही कुणी पाहिलं नाही. वाचायचीही कुणाला गरज वाटली नाही.

तो परत आला तेव्हा दिवस मावळायचा होता. ओढ्याशी थोरल्या चुलत्यानं त्याला हात करून थांबवलं आणि पहिल्यांदा त्याच्या पायांकडं पाहिलं. पाय पुढच्या बाजूला आहेत हे बघून मग तोंडाकडं पाहिलं. गवताचा माणूस करून त्याला कधीच अग्नी दिलेला होता. दहावा झाला होता, जेवणं झाली होती. ज्याची माती झाली तो त्याच नावानं परत उंबऱ्यात येऊ शकत नाही, असं पंच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आजवर कधी असं झालंच नव्हतं, म्हणून तेही चाचपडत होते. एका म्हाताऱ्याला आपल्या आज्याकडून ऐकलेलं आठवलं, की असा माणूस पुन्हा जन्माला घालावा लागतो. त्याला ओढ्यात न्हाऊ घातलं. घोंगड्यात गुंडाळलं. आई भिंतीला टेकून बसली आणि त्याचं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं. वर धोतराचा पाळणा बांधलेला होता, त्यात तो मावणार नव्हता म्हणून त्याचं पागोटं ठेवलं, आणि बायकांनी दोरी ओढली. साळूबाई नावाची एक आत्या पदर तोंडात कोंबून हसत होती. "लय मोठं बाळ झालंय गं सुले, मिशा घिऊनच आलंय." म्हणून नाव बाळासो ठेवलं. तोही हसला होता. आईचा हात त्याच्या कपाळावर होता आणि ती तो उचलत नव्हती.

हे सगळं होण्याआधी पंचांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बनाबाईचा पाट लागलेला आहे. शिराळ्याकडच्या तात्याबाशी. वर्ष उलटून गेल्यावर तिच्या भावांनी लावून दिला, त्यांच्यात तशी रीतच होती. तिच्या पोटात पोर होतं. आता जुन्या नावानं उभा राहिलास तर दोन नवरे जिवंत, आणि मग भांडण उभं राहील. नवं नाव घेतलंस तर ती तिकडं मोकळी, तू इकडं मोकळा. तू बोल. त्यानं ओढ्याच्या पाण्याकडं पाहिलं. ते फार थोडं होतं, घोटाभर. तो म्हणाला, "द्या मग नाव." हे तिच्यासाठी म्हणाला, की दमला होता म्हणून, की इतक्या पाण्यावरून आल्यावर त्या घोटाभर पाण्यात काही मागायची लाज वाटली म्हणून, हे त्यानं पुढं बॉयलरपुढं पुष्कळदा उलटून पाहिलं. तिला कुणी विचारलं नाही. त्यानंही विचारलं नाही. विचारायला गेलं तर दोन दिवसांची वाट होती, आणि पोस्टमनसारखं तिच्या दारात उभं राहायचं त्याच्या जिवावर आलं.

बनाबाईनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. कुठली बायको नवऱ्याचं नाव घेते? पण तिची गंमत वेगळीच होती, कारण त्याचं नाव देवाचं होतं. बिरोबाच्या यात्रेत भंडारा उधळून सगळे ओरडत, बिराप्पाच्या नावानं चांगभलं. ती पहिला शब्द गिळून टाकायची. सगळ्यांच्या मागून तिचा एकटीचा आवाज यायचा, "नावानं चांगभलं." बायका तिला डिवचत, "कुनाच्या नावानं गं बने?" ती म्हणायची, "ज्याच्या त्याच्या." लग्नात उखाण्याला उभी केली तेव्हा तिनं सगळा उखाणा म्हटला आणि शेवटी नावाच्या जागी त्याला कोपरानं ढोसलं. घरात हाक मारायची तर "आवं". ओढ्यापलीकडून, मेंढरांच्या गलक्यातून, धुळीतून ती "आवं" म्हणायची आणि वीसजणांत त्याला ते आपलं आहे हे कळायचं. भट्टीपुढं उभं असताना, पहिल्या दिवसांत, कित्येकदा त्याला वाफेच्या आवाजात ते ऐकू आलं होतं आणि त्यानं मागं वळून पाहिलं होतं. दादासो म्हणायचा, "कोन आलं? पोस्टमन?"

कचेरीनं सांगितलं की मयताची वर्दी ज्याच्या अंगठ्यानं लागली, त्यानंच येऊन सांगायला पाहिजे की तो जिवंत आहे. अंगठा बनाबाईचा होता. म्हणून मागच्या बाजारच्या दिवशी तो शिराळ्याला गेला. तात्याबा अंगणात दावं वळत बसला होता. जाड हाडाचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं पाणी दिलं, घोंगडं टाकलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर बराच वेळ दावं वळत राहिला. "पाव्हनं," तो म्हणाला, "तुमचं काम हुईल. आनि मग सरकार म्हनंल, पयला जित्ता हाय, मग ही हितं कोन? पोरगं कोनाचं? पंचांनी तुमचं नाव बदललं त्ये सरकारला ठावं हाय का?" त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. पोरगं ओसरीवर पालथं पडून मुंग्या बघत होतं. पोराच्या पावलांकडं त्याची नजर गेली, आणि ती पावलं सरळ, नेटकी होती, बुटात बसतील अशी. तो उठणार होता. उठलाच होता. तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "कवा यायचं म्हनावं?" एवढंच. तात्याबानं दाव्याला गाठ मारली आणि म्हणाला, "झालं. ती म्हनली म्हंजे झालं." तेव्हाच त्यानं नको म्हणायला हवं होतं. दारात उभं राहून त्यानं दिवस सांगितला.

ती दोघं आली तेव्हा व्हरांडा निम्मा रिकामा झाला होता. हळदीच्या पेठेतून हमाल जेवायला चालले होते, त्यांच्या पायांनी रस्त्यावर पिवळे ठसे उठत होते. तात्याबाच्या खांद्यावर गाठोडं होतं. पोर घरी ठेवलं होतं. ती जरा जाड झाली होती, किंवा त्याच्या आठवणीतच ती वाळत गेली होती. तात्याबा पाणी प्यायला नळावर गेला आणि ती खांबाला धरून, त्याच्यापासून माणूसभर अंतरावर बसली. कुंडलच्या म्हाताऱ्यानं उगाच दुसरीकडं तोंड केलं. ती पिवळ्या ठशांकडं बघत होती.

"एक कार्ड टाकायचं हुतं," ती म्हणाली.

"कार्ड आलं की रडाया लागता तुमी. आईचं काय झालं असतं."

"रडलो असतो. मग कुनीतरी वाचलं असतं."

त्याच्या मांडीवर पत्र्याची नळी होती. तो ती फिरवत राहिला. इतकी साधी गोष्ट, रडून झाल्यावर कुणीतरी वाचलंच असतं, ही इतक्या समुद्रांत, इतक्या खाटांवर, त्याला एकदाही सुचली नव्हती. रडणं त्याला दिसत होतं, त्याच्या पुढचं दिसत नव्हतं. आता त्याला थोडी अक्षरं येत होती. गिरणीतल्या वर्गात मोठ्या माणसांना शिकवत, तिथं तो पाटी घेऊन बसायचा. पण त्याचाही काय उपयोग होता? लिहिणारे तर तेव्हाही होते. ती पुन्हा म्हणाली, "तितं जहाजावर जाऊन आता कार्ड टाकाल काय आईला?" "टाकीन," तो म्हणाला. "आता साळू आत्याचा नातू वाचतो म्हनं." त्यावर तिनं मान हलवली. तात्याबा मिशा पुसत आला आणि दोघांच्या मधल्या जागेत, जागा होती म्हणून, बसला.

"बिराप्पा सिद्दू," पट्टेवाल्यानं ह्या वेळी ओरडण्याऐवजी सरळ त्याच्याकडं बोट केलं.

अनंतरावांच्या टेबलावर गठ्ठा सोडलेला होता. त्यांनी पानावर बोट ठेवलं, चष्म्यावरून तिघांकडं पाहिलं. बनाबाईच्या कपाळाकडं, गळ्यातल्या काळ्या मण्यांकडं, मग तात्याबाकडं. त्यांना कळायचं ते कळलं असावं. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. "हे बघा बाई," ते म्हणाले, "मला एकच विचारायचा हुकूम आहे. हा माणूस कोण. तुमच्या घरी काय, पंचांनी काय केलं, हे विचारायचा मला हुकूम नाही, आणि मी विचारणारही नाही. लिहिणारही नाही." तात्याबानं गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याचा श्वास सुटलेला ऐकू आला.

"ह्या माणसाला ओळखता?"

"व्हय."

"कोण आहे हा?"

बनाबाई गप्प राहिली. अनंतरावांनी वाट पाहिली. "नुसतं ओळखते म्हणून चालत नाही. मान हलवून चालत नाही. साक्षीदारानं तोंडानं नाव घ्यावं लागतं, मग मी लिहितो. नाव सांगा."

ती पायाच्या अंगठ्यानं फरशीची सांध चाचपत होती. पदर डोक्यावरून आणखी पुढं आला. पट्टेवाला दारात उभा राहून बघत होता. आणि तो, जो मुंबईहून साताऱ्याला आणि साताऱ्याहून सांगलीला ह्या एका शब्दासाठी फिरला होता, त्याला अचानक वाटलं, घेऊ नये. तिनं नाव घेऊ नये. तिनं ओठ घट्ट मिटून उभं राहावं, अनंतरावांनी टाक खाली ठेवावा, ओळख पटली नाही असं लिहावं, आणि मग त्यानं परत गिरणीत जाऊन बाळासो म्हणून आयुष्यभर आग सांभाळावी. ती गप्प आहे ह्याचा अर्थ काय, हे ह्या खोलीत त्याच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. की तात्याबालाही कळेल? तात्याबा जमिनीकडं बघत होता. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होता आणि बाहेर कुणीतरी बैलाला हाकत होतं. ती जितका वेळ गप्प राहिली तितका वेळ तो पुन्हा ओढ्यापलीकडं उभा होता, धुळीत, कुणीतरी हाक मारील म्हणून.

"घरच्या बायका नाव घेत नाहीत, मला माहीत आहे," अनंतराव हळू आवाजात म्हणाले. "आमच्यातही घेत नाहीत. पण हे तसं नाही ना आता, बाई."

तिनं मान वर केली. अनंतरावांकडं नाही, तात्याबाकडं नाही, त्याच्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात काय होतं हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. मग ती म्हणाली, "बिराप्पा."

"जरा मोठ्यानं."

"बिराप्पा," ती म्हणाली. "बिराप्पा सिद्दू."

आवाज स्वच्छ होता. कुठं अडखळला नाही. गावातल्या कुठल्याही माणसाचं नाव सांगावं, बाजारात कुणाचं दुकान कुठलं ते सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. त्याला वाटलं होतं ते नाव तिच्या तोंडून कधी आलंच तर कापत येईल, निम्मं येईल. ते पुरं आलं. ते त्याच्यासाठीच होतं, हे त्याला कळत होतं. तिनं ते त्याच्या हातात ठेवलं होतं, घे आणि जा, म्हणून. किंवा मग तसं काहीच नसेल. तिला आता ते घ्यायला काही वाटतच नसेल. दोन्हींतलं कुठलं बरं, हे त्याला ठरवता येईना, आणि अनंतरावांचा टाक कागदावर चालत राहिला, कुरकुर करत, न थांबता. मग शिक्का आला. तिच्या अंगठ्याला शाई लावली. तिनं तो कागदावर ठेवला, आधीच्या एका कागदावर असाच ठेवला होता तिनं, आणि पदराच्या टोकाला पुसला.

"झालं," अनंतराव म्हणाले. "आता तुम्ही जिवंत." ते थोडं हसले. "मुंबईला हा दाखवा. सगळी नोकरी एका जागी येईल."

तो कागद नळीत घालून बाहेर आला तेव्हा कुंडलचा म्हातारा अजून बसलेलाच होता. "पटलं का नाव?" "पटलं," तो म्हणाला. "नशीबवान हायसा," म्हातारा म्हणाला आणि सरकून जागा दिली. तो टेकला. नळीचं झाकण घट्ट बसत नव्हतं, ते तो दाबत राहिला. आतली सगळी नोकरी आता खरी होती. भट्ट्या खऱ्या, दादासो खरा, पाण्यातला तो पहिला दिवस खरा. जहाज मिळेल. तिथं त्याला कुणीतरी बिराप्पा म्हणेल, आणि आता ते ऐकताना त्याला एकच आवाज ऐकू येईल, कचेरीतला, स्वच्छ. चांगभलंच्या आधीचा जो शब्द ती गिळायची, तो ह्यापुढं कुणी गिळणार नव्हतं.

शिराळ्याची मोटार फाटकाबाहेर उभी होती. ती पायऱ्या उतरून पुढं गेली होती. तात्याबा मागं राहून व्हरांड्यात बसून चिलीम गाठोड्यात बांधत होता. मोटारीनं भोंगा दिला. बनाबाई रस्त्यावर, त्या पिवळ्या ठशांत थांबली आणि अर्धी वळून तिनं हाक मारली.

"आवं."

तो ताडकन उठून उभा राहिला. नळी मांडीवरून फरशीवर पडली आणि गडगडत गेली. त्याच्या शेजारी तात्याबाही उठला होता. तात्याबानं खाली वाकून नळी उचलली, त्याच्या हातात दिली, त्याच्याकडं न बघता गाठोडं खांद्यावर घेतलं आणि पायऱ्या उतरू लागला.